पाखरांना आधी पाणी, मग दाणे: खानदेशातल्या अंगणापुरता हिशोब

मार्च उजाडला की मोबाईलवर तेच संदेश फिरायला लागतात: गच्चीवर पाणी ठेवा, मूठभर दाणे टाका, पुण्य मिळवा. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, तेव्हा शाळाशाळांमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या कापून झाडांना टांगल्या जातात. दुसऱ्या बाजूला, २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसं बिघडतात हे घरोघरी पोचलं. त्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. कोंबड्यांमधला देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये तिथेच सापडला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तिथल्या पोल्ट्र्यांवर पुन्हा तीच पाळी आली. मग यावल-रावेरच्या मळ्यातल्या किंवा शिंदखेड्याच्या गावठाणातल्या घरी प्रश्न पडणारच, की दाणे टाकायचे की नाहीत?

उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, कारण 'दाणापाणी' आपण एका दमात म्हणत असलो तरी त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. खानदेशच्या उन्हाळ्यात पाण्याने पाखरू जगतं. दाण्यांमुळे ते आपल्याला जवळून दिसतं, एवढंच. दाणे टाकण्यात वाईट काही नाही, पण पाखरांची सोय कशात आहे आणि आपली हौस कशात, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

उन्हाळ्यात पाखराच्या अंगात काय होतं

पक्ष्यांना घाम येत नाही, त्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात. त्यांच्या अंगाचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस. हवा त्याहून थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. पण मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास गेला की गणित उलटं होतं. आता हवाच अंगापेक्षा गरम असते आणि उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत शिरू लागते. तेव्हा अंग थंड ठेवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे अंगातलं पाणी वाफ करून उडवणं. माठ जसा पाझरून, पाणी उडवून आतलं पाणी गार ठेवतो, तसंच पाखरू चोच उघडी ठेवून, गळा थरथरवत, घशातलं पाणी उडवतं. दुपारी निंबाच्या सावलीत चोच वासून बसलेली साळुंकी भुकेली नसते, ती स्वतःला गार करत असते.

माठातलं पाणी संपलं की तो तापतो, आणि इथे पाखरू मरतं. पाखरू जितकं लहान तितका धोका मोठा, कारण वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा उघडा पृष्ठभाग जास्त असतो. चिमणीचं सगळं वजनच सुमारे २५ ग्रॅम. तिच्याकडे उडवायला पाणी ते किती असणार?

पाण्यावर कोण जास्त येतं, तेही यातूनच कळतं. सुक्या दाण्यात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे दाणे खाणाऱ्या होला, चिमणी, मुनिया यांना रोज प्यावंच लागतं. किडे खाणारा वेडा राघू किंवा फळं खाणारा तांबट यांना बरंचसं पाणी खाण्यातूनच मिळतं, म्हणून ते पाण्याच्या परळावर, म्हणजे पसरट मातीच्या भांड्यावर, क्वचित दिसतात. याचा दुसरा अर्थ असा, की उन्हाळ्यात सुके दाणे ठेवून शेजारी पाणी ठेवलं नाही तर आपण पाखराची तहान वाढवत असतो.

भांडं कसं असावं

कुंभाराकडचं पसरट, मातीचं, न रंगवलेलं परळ सगळ्यात चांगलं. रुंदी १४ ते १६ इंच, खोली काठाशी इंचभर आणि मध्यभागी फार तर दोन इंच. हल्ली बाजारात तैलरंगाने रंगवलेली, फुलं काढलेली भांडी मिळतात. दिसायला छान, पण रंगाने छिद्रं बुजतात, भांडं पाझरत नाही आणि पाणी गार राहत नाही. स्टीलचं ताट उन्हात ठेवलं तर तासाभरात त्यातल्या पाण्यात बोट घालवत नाही, शिवाय त्याच्या गुळगुळीत काठावरून पाय घसरतात. परळ नसेल तर पसरट घमेलं चालेल, पण त्यात दोन-तीन खडबडीत दगड असे ठेवा की त्यांचा माथा पाण्यावर राहील. त्यावर लहान पाखरं बसतात आणि मधमाश्याही बुडत नाहीत.

जागा उत्तरेला किंवा पूर्वेला, दुपारी २ ते ५ या वेळेत पूर्ण सावली असलेली. एक भांडं जमिनीवर किंवा ओट्याच्या काठावर हवं, त्यावर होले, सातभाई, साळुंक्या येतात. दुसरं पाच-सहा फुटांवर टांगलेलं, चिमण्या आणि बुलबुलांसाठी. टांगायला सुतळी किंवा तार वापरा. नायलॉनचा बारीक दोरा आणि मांजा पायात अडकतो. भांड्यापासून झुडूप आठ-दहा फूट लांब असू द्या. त्याहून जवळ असलं तर मांजर त्यात दबा धरून बसतं, आणि फार लांब असलं तर शिक्रा आल्यावर पाखरांना लपायला जागा नसते.

मे महिन्यातल्या कोरड्या वाऱ्यात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला सेंटिमीटरभर सहज उडतं. १४ इंची परळातून म्हणजे रोज लिटरभर गेलंच, पाझर वेगळा. सकाळी भरलेलं भांडं दुपारी ३ वाजता, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी, कोरडं पडतं. पाणी ठेवण्यात सर्वात जास्त होणारी चूक हीच. यावर तोडगा आपल्या भागात घरोघरी पडलेला आहे: ठिबक. १६ मिलीमीटरची नळी परळाच्या वर दीड-दोन फुटांवर बांधा आणि तिला ताशी २ लिटरचा एक ड्रिपर बसवा. मागे छोटी तोटी ठेवा, म्हणजे सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास चालू करता येईल. थेंब पडल्याचा आवाज आणि हलणारं पाणी पाखरांना लांबून कळतं. स्थिर पाण्यावर न येणारेही थेंबावर येतात.

गुरांच्या हाळाचाही विचार करा. उभ्या भिंतींच्या हाळात आणि सिमेंटच्या टाकीत पाणी खाली गेलं की उन्हाळ्यात त्यात पडलेली पाखरं आणि खारी बाहेर येऊ शकत नाहीत. एक खडबडीत फळी तिरकी टाकून ठेवली की काम झालं.

पाण्यात मीठ, साखर, ग्लुकोज, हळद यातलं काहीही घालू नका. साधं पाणी पुरे.

डास होतात, त्याचं काय

होतात, पण पाणी साचून राहिलं तरच. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत पोचायला आठवडाभर तरी घेतो. रोज पाणी ओतून नवीन भरलं तर अळी मोठी व्हायला वेळच मिळत नाही. एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. हा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवतो, आणि ती वाळली तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही. दोन-तीन दिवसांनी काथ्याने आतली बाजू घासायची आणि घासलेलं पाणी गटारीत न टाकता तापलेल्या जमिनीवर ओतायचं. साबण नको, तो मातीच्या भांड्यात मुरतो.

दाण्याने कबुतरं वाढतात, चिमण्या का वाढत नाहीत

सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहे. मोठी चिमणी दाणे खाते हे खरं. पण तिची पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत. पिल्लू जेमतेम दोन आठवडे घरट्यात असतं, आणि तेवढ्यात त्याचं वजन, हाडं, पिसं सगळं तयार व्हायचं असतं. त्याला लागतात अळ्या, नाकतोडे, कोळी. बाजरीचा कितीही ढीग घातला तरी अळीची जागा बाजरी घेत नाही.

कबुतराचं वेगळं आहे. कबुतरं आणि होले दाणे खाऊन गळ्यातल्या अन्नपिशवीत दह्यासारखा घट्ट स्राव तयार करतात आणि तोच पिल्लांना भरवतात. म्हणजे चौकात पोतंभर ज्वारी ओतली की तिचं थेट कबुतराच्या पिल्लात रूपांतर होतं. त्यात कबुतरं वर्षभर अंडी घालतात आणि स्लॅबच्या कोणत्याही कोनाड्यात घरटं करतात. मुंबईत जे झालं ते यातूनच. विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की काहींच्या फुप्फुसांना त्याचं वावडं जडतं, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. अंगणात रोज मूठभर बाजरी आणि चौकात रोज पोतं, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. पण बसस्टँडजवळच्या घराच्या गच्चीवर ज्वारीचं ताट ठेवलं तर तिथे कबुतरखानाच होईल, चिमणीघर नाही.

चिमण्या हव्या असतील तर दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, अळ्या असलेली बाग: भाजीच्या वाफ्यावर दर आठ दिवसांनी औषध मारणं थांबवा, बांधावरचं थोडं गवत राहू द्या, शेवगा, बोर, निंब लावा. दुसरी, घरट्याला जागा. धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीत, लाकडी कडीपाटाच्या सांध्यांत चिमणीला हवी तेवढी भोकं होती. स्लॅबचं घर गुळगुळीत असतं. म्हणून लाकडी पेटी लावायची: तळ ५ × ५ इंच, उंची ८ ते ९ इंच, भोक ३२ मिलीमीटर म्हणजे सव्वा इंच, आणि भोकाची खालची कड तळापासून निदान पाच इंच वर. भोक दोन इंचाचं ठेवलं तर साळुंकी पेटी बळकावते. भोकाबाहेर बसायला दांडी लावू नका. चिमणीला तिची गरज नसते, पण शिकाऱ्याला ती उपयोगी पडते. पेटी आठ-दहा फुटांवर, वळचणीखाली, पश्चिमेचं ऊन अजिबात न लागणाऱ्या भिंतीवर हवी. पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी एप्रिलमध्ये भट्टी होते, पिल्लं आत शिजतात. कोणी फुकट दिली तरी लावू नका.

कोणते दाणे, किती आणि केव्हा

चिमण्या आणि मुनियांना बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी. होल्यांना ज्वारी. पोपटांना सूर्यफुलाचं बी आणि ओला मका. दादर, म्हणजे रब्बी ज्वारीची कणसं निघाली की चार-पाच कणसं देठासकट बांधून वळचणीला उलटी टांगा. यापेक्षा चांगला फीडर बाजारात मिळत नाही: पाखरू लोंबकळत एकेक दाणा सोलून खातं, दाणे विष्ठेत पडत नाहीत, आणि जड कबुतराला त्यावर तोल सांभाळता येत नाही.

प्रमाणाचा साधा नियम असा, की सकाळी ठेवलेले दाणे दोन तासांत संपले पाहिजेत. उरले तर दुसऱ्या दिवशी कमी ठेवा. बहुतेक घरांना एक-दोन मुठी पुरतात.

केळी तर जळगावच्या घरात असतातच. जास्त पिकलेलं केळं सालीसकट उभं चिरून, साल पाठीमागे ठेवून, झाडाच्या फांदीवर खिळ्याला अडकवा. बुलबुल, साळुंकी, कोकिळा येतात, नशीब असेल तर तांबटही. मे महिन्यात चिरलेली बाजू दोन-तीन तासांत सुकून चामड्यासारखी होते, म्हणून सकाळी लवकर लावा. दुपारपर्यंत काढून टाका, नाहीतर मुंग्या आणि गांधिलमाश्या त्याचा ताबा घेतात.

न देण्याच्या वस्तूंमध्ये शेव-फरसाण, खारे शेंगदाणे आणि बिस्किटं आहेत. मीठ बाहेर टाकायला पाखरांच्या मूत्रपिंडाला फार पाणी लागतं. दूध त्यांना पचत नाही. शिळी पोळी विष नाही, पण तिने पोट भरतं आणि पोषण होत नाही. ओली झाली की ती आंबते.

खेड्यात सर्वात मोठा धोका मात्र वेगळाच आहे: पेरणीनंतर उरलेलं बियाणं. मका, ज्वारी, बाजरी, सूर्यफूल यांच्या पिशवीतलं बी गुलाबी, लाल, हिरवं, निळं रंगवलेलं असतं. तो रंग शोभेचा नसतो. हे औषध लावलेलं बी आहे, खाऊ नका, एवढंच तो सांगत असतो. त्यावर बुरशीनाशक असतं, पुष्कळदा कीटकनाशकही. 'दोन मुठी उरल्या, पाखरांना टाकू' या भाबडेपणात होल्यांचा थवाच्या थवा मरू शकतो. धुतल्याने ते जात नाही. उरलेलं बी पुरून टाका, आणि पेरताना सांडलेलंही मातीखाली झाका.

दुसरा धोका बुरशीचा. पावसात भिजलेला मका आणि खवट, काळपट शेंगदाणे यांवर पिवळट-हिरवी बुरशी वाढते. तिचं विष, ज्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, पाखरांचं यकृत निकामी करतं. जे धान्य कोंबड्यांना घालायला मन धजत नाही ते पाखरांनाही घालू नये. म्हणूनच जुलै ते सप्टेंबर दाणे बंद ठेवलेले बरे. त्या दिवसांत रानात किडे असतात आणि पुढे गवताचं बी येतं, आपल्या दाण्यांची कोणाला गरज नसते.

कबुतरं, उंदीर आणि उंदरामागे साप

'दाणे टाकले की उंदीर येतात, उंदरांमागे नाग येतो' असं घरातली जाणती माणसं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण उंदीर रात्रीचा. तो येतो जमिनीवर सांडलेल्या आणि संध्याकाळी न झाडलेल्या दाण्यांवर. फीडर घराच्या भिंतीपासून दहा-बारा फूट लांब लावा, खाली फरशी किंवा चोपलेली जमीन ठेवा, सूर्य मावळायच्या आत झाडून घ्या. लाकडाच्या ढिगाशेजारी आणि कडब्याच्या गंजीजवळ फीडर कधीच नको.

कबुतरांसाठी उपाय जाळीचा. दीड इंची चौकोनाची वेल्डमेश जाळी घेऊन फूटभर लांबी-रुंदी-उंचीचा पिंजरा करा आणि बाजरीची ताटली त्याच्या मधोमध ठेवा. चिमणी, मुनिया चौकोनातून आत जातात. साळुंकी, कबुतर बाहेर राहतात. ताटलीच्या तळाला ४-५ मिलीमीटरची सहा-आठ भोकं पाडायला विसरू नका, म्हणजे पाणी साचणार नाही. बाटलीला लाकडी चमचे टोचून केलेला फीडर शाळेत शिकवतात. तो वाईट नाही, पण बाटलीच्या आत वाफ धरते आणि तळाचे दाणे आठवड्यात कुबट होतात. बाटली वरपर्यंत न भरता चार बोटंच भरा.

बर्ड फ्लू आणि बाकीचे आजार

रानात पाखरं विखुरलेली खातात. फीडरवर पन्नास पाखरं एकाच ताटलीत चोच घालतात, तिथेच शिटतात. म्हणून फीडरचा खरा धोका बर्ड फ्लूपेक्षा साधे संसर्गच जास्त आहेत. होले-कबुतरांच्या घशात ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी असतो, तो घशात पिवळी गाठ धरतो. त्या पाखराला गिळता येत नाही, म्हणून ते दाणा उचलून पुन्हा टाकतं, आणि पुढच्याला तो ओला दाणा मिळतो. साल्मोनेला नावाचा जिवाणू विष्ठेतून पसरतो. फुगून गोळा झालेलं, डोळे मिटलेलं, माणूस जवळ गेला तरी न उडणारं पाखरू दिसलं तर दाणे आणि पाणी दोन आठवडे बंद. भर उन्हाळा असेल तर पाणी बंद न करता भांडी दोन करून आलटून पालटून रोज वाळवा.

स्वच्छतेची पद्धत: पंधरा दिवसांतून एकदा फीडर रिकामा करून घासा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. परळालाही हेच करा, फक्त ते दोन वेळा पाण्यात भिजवून काढा. सुकलेली विष्ठा खरवडू नका. आधी पाणी मारा, नाकाला फडकं बांधा.

बर्ड फ्लूचा विषाणू मुख्यतः बदकं आणि पाणपक्ष्यांत फिरतो, कोंबड्यांत गेला की साथ होते. चिमण्या, बुलबुल यांच्यात तो क्वचित सापडतो. कावळ्यांत मात्र सापडला आहे: २०२१ च्या जानेवारीत राजस्थान आणि मध्य प्रदेशात कावळे मेले ते त्यामुळेच. म्हणून अंगणात गावठी कोंबड्या असतील तर फीडर त्यांच्या खुराड्यापासून लांब ठेवा, आणि कोंबड्यांचं खाणं-पाणी छपराखाली ठेवा, म्हणजे रानपाखरांची विष्ठा त्यात पडणार नाही. जिल्ह्यात साथ जाहीर झाली आणि घरी कोंबड्या असतील तर फीडर काढून घ्या. कावळे, बगळे, कोंबड्या एकदम मेलेल्या दिसल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत कळवा. नीट शिजलेलं चिकन आणि अंडी यातून हा विषाणू येत नाही, ७० अंशांवर तो मरतो.

आयतं खाऊन पाखरं आळशी होतात का?

नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, जिथे पंचवीस वर्षं सतत दाणे मिळत होते, तिथले फीडर काढून चिकडी नावाच्या छोट्या पाखरांवर लक्ष ठेवण्यात आलं. फीडर कधीच न पाहिलेल्या पाखरांइतकीच तीही हिवाळ्यात तगली. रानपाखरू एकाच ताटलीवर विसंबून राहत नाही, त्याच्या फेरीत ती एक जागा असते. पाण्याचं तसं नाही. मे महिन्यात दोन किलोमीटरवर दुसरं पाणी नसेल तर आपलं परळ हीच त्यांची विहीर असते. गावाला जायचं असेल तर शेजाऱ्याला सांगून जा.

पाखरं वाढली तर पिकाचं नुकसान?

हुरड्यात आलेल्या ज्वारीवर पोपट आणि भोरड्या पडतात, ते नुकसान खरंच आहे आणि अंगणातल्या मूठभर बाजरीशी त्याचा संबंध नाही. भोरड्या तर हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतात. उलट कोतवाल, साळुंकी, वेडा राघू, सातभाई दिवसभर अळ्या आणि नाकतोडे टिपतात. हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी शेतात इंग्रजी 'टी' आकाराचे पक्षी थांबे लावायला कृषी विभाग सांगतो, ते कोतवालाला बसायला. त्याच शेजारी फवारणी चालू ठेवली तर मात्र थांब्यावर बसून तो विषारी अळीच खातो.

चिमण्या मोबाईल टॉवरने गेल्या ना?

तसा ठोस पुरावा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या पक्ष्यांच्या अहवालात चिमण्यांची संख्या एकंदरीत टिकून असल्याचं दिसलं, घट दिसली ती मोठ्या महानगरांत. आपल्या खेड्यांत चिमण्या आहेत, काही गल्ल्यांत त्या दिसेनाशा झाल्या असतील तर आधी भिंती आणि बांध बघा. चिंता खरं तर चासाची करायला हवी. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो हा निळा पक्षी. २०२३ च्या अहवालाने त्याची मोठी घट नोंदवली, आणि त्याच्यासाठी कोणी बाटली कापून टांगत नाही.

बघायचं कसं

ओट्यावर पंधरा-वीस फुटांवर बसा, रोज त्याच जागी. सूर्य उगवल्यापासून दोन तास सर्वात चांगले. उन्हाळ्यात पाण्यावर ११ ते ४ या वेळेतही गर्दी असते. दुर्बीण घ्यायची तर ८×४२: आठपट जवळ दिसतं, आणि पुढचं भिंग ४२ मिलीमीटरचं असल्याने पहाटेही उजेड पुरतो. बारापट मोठी दुर्बीण हातात थरथरते.

सुरुवात होल्यांपासून करा, कारण 'होला' म्हणून आपण ज्याला एक समजतो ते निदान तीन आहेत. गळ्यावर काळे-तांबूस बारीक ठिपके आणि अंग तपकिरी-गुलाबी असलेला, हसल्यासारखा घुमणारा तो छोटा होला. मानेच्या मागे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके, तो ठिपकेवाला. फिकट राखाडी, मानेवर एकच काळी कड, तो कवड्या. पाणी पिताना पाहा: होला चोच बुडवून मान न उचलता ओढत राहतो. चिमणी घोट घेते आणि मान वर करून गिळते. तासभर परळासमोर बसलं की हा फरक कायमचा लक्षात राहतो.

चिमण्यांच्या थव्यात एखादी पाठीवर रेघा नसलेली, राखी-तपकिरी, पंखावर पांढरी पट्टी असलेली दिसली तर तिचा गळा बघा. पिवळा ठिपका असेल तर ती पीतकंठी रानचिमणी. खानदेशात ती आहे, फक्त कोणी नीट बघत नाही. तसंच वळचणीतल्या किंवा चिंचेच्या ढोलीतल्या पिंगळ्याचं. डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतील तर तो नेहमीचा पिंगळा. शंभराहून अधिक वर्षं नाहीसा समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्यात पुन्हा सापडला. त्याचं डोकं जवळपास बिनठिपक्यांचं असतं, आणि तो सागाच्या रानात राहतो. तुमच्या अंगणात तो येणार नाही.

मोजताना एक नियम पाळा. सकाळभरात पाच वेळा आठ-आठ चिमण्या दिसल्या तर चाळीस लिहू नका, त्या बहुधा त्याच आठ. एका वेळी एकत्र दिसलेली सर्वात मोठी संख्या लिहा. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, भारतात तो २०१३ पासून होतो. निदान पंधरा मिनिटं अंगणात बसून केलेली यादी 'ईबर्ड' या मोफत ॲपवर टाकली की झालं. आवाजावरून पक्षी सांगणारं 'मर्लिन' हे ॲपही उपयोगी आहे, पण त्याने सांगितलेलं नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीत घालू नका.

पिल्लू खाली पडलं तर

पिसं फुटलेली, टुणटुण उड्या मारणारी पिल्लं खाली दिसणं हे बहुतेकदा संकट नसतं. ती उडायला शिकत असतात आणि आई-बाप जवळच असतात. मांजर-कुत्रं हाकला आणि पिल्लू जवळच्या झुडपात उंचावर ठेवा. पिसं नसलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर ते परत घरट्यात ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकते ही समजूत चुकीची आहे. घरटं तुटलं असेल तर भोकं पाडलेल्या छोट्या टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच जागी बांधा आणि लांबून तासभर पाहा. पिल्लाच्या चोचीत पाण्याचे थेंब सोडू नका, ते श्वासनळीत जाऊन गुदमरतं. आणि वाचवलेलं पोपटाचं पिल्लू पिंजऱ्यात पाळायचा मोह झाला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पोपट, मुनिया, कोणताही रानपक्षी घरात ठेवता येत नाही. जखमी असेल तर वनविभागाच्या वनरक्षकाला किंवा १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा.